रेड ऑक्साईड

कंपनीनं टी-शर्ट दिले. पुढं गिऱ्हाईकाचं नाव, मागं आपलं.
सायकली भाड्याच्या, एकवीस गिअरच्या,
त्यातले अठरा कशाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
इंगवलेसाहेबांनी कागद वाचला:
रविवार, पहाटे सहा, शिरोली ते प्रयाग चिखली,
वारसा सफर,
दोन ठिकाणी फोटो, एका ठिकाणी नाष्टा.

पाहुणा योरीस, हॉलंडचा. सहा फूट चार इंच.
सगळ्यात उंच सायकल दिली तरी गुडघे हँडलला लागत होते.
बोलला काही नाही. पाना मागितला,
सीट वर घेतली, आणि पाना हातात आहेच तर
दिलावर मुल्लाणीच्या ब्रेकची ढिली तारही आवळून दिली.

मी माझीच आणली होती. रोजची,
कॅरिअरला डब्याची रबरी पट्टी तशीच.

गंगावेशीत म्हशी उभ्या होत्या. ग्लासात धार पडली,
योरीसला फेसाची मिशी आली.
पहिला फोटो.

शिवाजी पुलावर साहेब कमानींचं साल सांगायला लागले,
चुकले, फोनमध्ये बघितलं, पुन्हा चुकले.
योरीस कमानी बघतच नव्हता. वाकून
खाली गेलेलं थंडीतलं पाणी बघत होता,
दवाखान्यात झोपलेल्या माणसाकडं बघावं तसं.

पुढं उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळाचा गोड धूर,
आणि पेंटिंगची शालन भोपळे अचानक सगळ्यांच्या पुढं.
दहावीनंतर ती सायकलवर बसली नव्हती.
तीन संध्याकाळ डिस्पॅचच्या अंगणात
मी मागून कॅरिअर धरून पळत होतो,
तिसऱ्या दिवशी सोडलं, आणि सांगितलं नाही.
आता चिखलीचा फाटा आला,
तिनं कागद विचारला नाही, वळली.
आम्ही तिच्यामागं.

तिचं माहेर. सोप्यात चहा.
भिंतीवर चार आडव्या रेघा, लाल,
आमच्याच स्टोअरचा रंग, डब्याच्या तळाला उरलेला.
नव्वदीच्या आधीची एक, पाच सालची एक,
वर एकोणीस आणि एकवीस,
इतक्या जवळ की मधे बोट मावेना.

योरीस उठला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
वरची रेघ त्याच्या केसांच्याही वर चार बोटं.
फोटो कुणी काढला नाही.

मग तो सांगायला लागला, साहेब मराठीत करत गेले:
त्याच्या गावच्या चर्चवर असाच दगड आहे, त्रेपन्न सालचा.
बाप तेव्हा तीन वर्षांचा, माळ्यावर दोन रात्री.
अख्खं गाव समुद्राच्या खाली. दिवसरात्र पंप चालतात.
'आणि बंद पडले तर?' दिलावर.
'तर मी इथं नसतो.'

ते पंप कुठले ते मला पाठ होतं.
चारशे वीस किलोचं केसिंग, महिन्याला अकरा,
पेटी मी ठोकतो, पत्ता मी रंगवतो,
त्या गावाच्या नावातली तीन अक्षरं कशी म्हणायची
ते त्या दिवशी कळलं.

शालनची आई चुलीपासून म्हणाली,
'म्हंजे त्येंचं पाणी आपुन उपसतोय व्हय?
मग आमचं कोन उपसनार, इचार की त्येला.'
इंगवलेसाहेबांनी घसा साफ केला, इंग्रजीत सांगितलं:
त्या म्हणतायत, पुन्हा या.
योरीस हसला नाही. त्याला कळलं असावं.
किंवा चहा गरम असावा.

परतीला वारा समोरून होता. अठराही गिअर कामाला आले.

मंगळवारी सातवं केसिंग रंगून माझ्याकडं आलं.
पेटी बंद करायच्या आधी आत बॅटरी मारून बघायची, हा नियम.
पोटात, पाणी जिथून जाणार तिथं,
एक आडवी रेघ. ओली, लाल,
ब्रशच्या एका ओढीतली. साल नाही, नाव नाही.

तपासणीच्या कागदावर रकाना होता: आतील दोष.
मी लिहिलं, निरंक,
आणि पहिला खिळा ठेवला.