एकोणनव्वद

बारा टॅब्लेट आले तेव्हा नारिनहून साहेब आले,
फीत कापली, फोटो काढला, माझी सही घेतली
तीन ठिकाणी. मग मुख्याध्यापकांनी
बाराही लोखंडी कपाटात ठेवले
आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात,
जिथे ते रक्तदाबाच्या गोळ्या ठेवतात.

दर शुक्रवारी कपाट उघडायचं,
बाराही चालू करायचे, दार लावून घ्यायचं.
दोन तासांनी बंद.
वरच्या कचेरीला वापराचे तास लागतात,
आणि तास भरत होते.
एकदा मी फटीला डोळा लावला:
अंधारात बारा उजेड
एकमेकांना भूगोल शिकवत होते.

जानेवारीत उणे अठ्ठावीस झालं
आणि तेही थांबलं.
कंपनीला पत्र लिहायचं ठरत होतं, तेवढ्यात
भट्टीत कोळसा घालणारी सायराकान,
पहाटे चारला शाळेत येणारी एकटीच बाई,
हात पुसत म्हणाली,
"ह्या दिवसांत जन्मलेलं कोकरू
लोखंडात ठेवाल का, मास्तर?"

तिनं जुन्या नमद्याच्या पिशव्या शिवल्या, बारा,
एकीवर तर मेंढ्याच्या शिंगाची नक्षीही.
भट्टीच्या जवळ, पण फार जवळ नाही.
"म्हणजे किती?" मी वही काढली.
"गाल ठेवून बघायचा."
मी भौतिकशास्त्र शिकवतो.
गाल ठेवून बघितला.

आठवीतला नुरजिगित नोव्हेंबरपासून नव्हता,
वरच्या हिवाळी तळावर, बापाचा पाय मोडलेला, मेंढरं तीनशे.
त्याचं नाव मी रोज पुकारायचो,
रिकाम्या घराची कडी वाजवावी तसं.
मुख्याध्यापकांनी किल्ली दिली, मग गोळी घेतली.
गवताच्या घसरगाडीवरून एक टॅब्लेट वर गेला,
नमद्यात गुंडाळून, सोबत शाळेतला थर्मामीटर
आणि चिठ्ठी: पाणी उकळव. बघ. सांग.

सतरा दिवसांनी परत आला, काच तडकलेली,
मेंढीच्या खुरानं, असं त्याचं म्हणणं.
आत चाळीस सेकंद: काळी किटली, वाफ,
कुत्र्याचं भुंकणं, आणि नुकताच फुटलेला आवाज,
"एकोणनव्वद, मास्तर. तीनदा पाहिलं.
पुस्तकात शंभर आहे. बिघडलंय कोण,
थर्मामीटर की मी?"

कोणी हसलं नाही.
बेगायिम उठली, आमच्या भट्टीवर पातेलं ठेवलं.
थर्मामीटर तोच. त्र्याण्णव.
थांबलो. पुन्हा त्र्याण्णव.
मग सगळा वर्ग खिडकीतून वर बघत राहिला,
पांढऱ्या, जागच्या न हलणाऱ्या
त्या चार अंशांकडे.

मार्चअखेर तक्ता भरायचा होता.
मिळालेले: बारा. चालू: अकरा. खराब: एक.
कारण: जागा दीड बोट.
"मेंढी" लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

त्याच सकाळी हजेरीत सवयीनं
नुरजिगित म्हणालो,
तर मागच्या बाकावर कुणीतरी
तडकलेल्या काचेवर बोट टेकवलं
आणि कुत्रा भुंकला.
मी हजर मांडलं.