जर, तर, नाहीतर

चावी लिपिकाकडे, लिपिक परभणीला ट्रेझरीत,
म्हणून गंगाखेडच्या कन्याशाळेत
संगणक कक्षाच्या बाहेर, व्हरांड्यात
मी संगणक शिकवते आहे.

गजांतून दिसतात चौदा यंत्रं
फुलाफुलांच्या खोळी घालून बसलेली.
खोळी मुलींनीच शिवल्यात, शिवणाच्या तासाला.
मापं घेण्यापुरतं आत सोडलं होतं म्हणे.

पुण्याहून आणलेला पेनड्राइव्ह पर्समध्येच.
त्यात काचेच्या इमारती, हसऱ्या बायका
आणि पगाराचा वर वर जाणारा आलेख.
बरं झालं, लाईट नाही.

खडू घेतला. म्हटलं, यंत्राला फार शब्द कळत नाहीत.
हे तीन मात्र पक्के कळतात:
जर. तर. नाहीतर.
सांगा तुमचं एकेक.

आधी नुसत्या बांगड्या वाजल्या.
मग कौसर म्हणाली,
जर येस्टी आली तर शाळा, नाहीतर पायी पायी.
जर वेचणी लागली तर घरी.
मागून कोणीतरी,
जर दादाचा मोबाईल घरी असला
आणि दादा झोपलेला असला, तर अभ्यास.
‘आणि’! मी ओरडलेच जवळजवळ,
अगं, हे तर मी उद्या सांगणार होते.

अयोध्या गित्ते सगळ्यात शेवटी उठली.
एका वेणीला लाल रिबीन, दुसरीला काळी.
खडू मागितला नाही, घेतला.

जर दहावीला ऐंशीच्या वर
तर लातूर, कॉम्प्युटरला
नाहीतर

आणि थांबली.
फळ्यावर जागा होती, हातात खडू होता.
पुढचं सगळ्यांनाच पाठ होतं.
तिच्या बाकावरची शिलावती मार्गशीर्षात त्याच ओळीनं गेली,
बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या,
अक्षता आम्हीच टाकल्या.

“मॅडम, नाहीतर लिहावंच लागतं का?”

अकरा वर्षं मी हेच काम करते.
मानवतहून निघाले तेव्हा हा शब्द
माझ्याही पिशवीत होता, घडी घालून,
आणि त्याच्यापुढे कितीतरी
मीच लिहून ठेवलेलं,
कुणी न सांगता.

नाही, म्हटलं. सक्ती नाही.
जर आणि तर, एवढ्यावर भागतं.
अट जुळली नाही तर यंत्र रुसत नाही,
कुणाला बोलावत नाही,
खालच्या ओळीवर जातं.

“मंग खालची ओळ मव्हीच ना?”
तळहातानं तिनं शब्द पुसला.
नीट नाही पुसला गेला. वेलांटी राहिली.

साडेचारला लिपिक आला, किल्ल्या वाजवत.
लाईटही आली.
मुली गाडीला पळालेल्या.
फळा पुसू का, त्यानं विचारलं.
राहू द्या.
तेवढ्या खोळी धुवायला टाका.