लव्हाळा

दोन वर्षं उपटतेय.
हातात येतं नुसतं पातं,
गाठ राहते खाली, काळी, मिरीएवढी,
पुढच्या गाठीचा हात धरून.

इनास म्हणाला, बाय, आता औषधच.
हळदोण्यात विषाला औषध म्हणतात.
आधी आठ दिवस पाणी घाल, म्हणाला,
माजू दे.
हिरवं पानच ते खाली मुळापर्यंत नेतं,
सुकलेलं नेत नाही.

मे महिन्यात, विहीर तळाला गेलेली,
मी तणाला पाणी घातलं.
अबोलीवर बादली पालथी घातली,
हातमोजे, रंगाचा जुना ब्रश,
एकेक पातं.

तेराव्या दिवशी पिवळं पडलं.
गडग्यापलीकडचंही,
दिराने दावा लावलाय
त्या अर्ध्या फुटातलं.

ब्रश धुतला.
पाणी हातात घेऊन उभी आहे,
कुठे ओतू?