तेवीस

तारघरात एकतीस वर्षं मी शब्द मोजले.
लोक फॉर्म भरून आणत,
मी पेन्सिलीच्या टोकानं एकेक शब्द टोचत जायचो.
म्हणायचो, काकाजी, यातलं ‘अत्यंत दुःखाने’ काढा,
‘वारले’ लिहिलं की दुःख आलंच,
तेवढेच पैसे वाचतील.
काढायचे बिचारे.
काही नाही काढायचे.

आता उत्पला जहाजावर आहे.
काउंटरवर उभी राहून इंटरनेट विकते.
पाहुण्यांना दिवसाचे चोवीस डॉलर,
व्हिडिओ पाहायचा तर आणखी वर,
आणि पाहुणे भांडतात म्हणे,
एवढे मोजून नुसतं चाक गरगरतं.
ती हसून सांगते, सर, आपण समुद्रात आहोत,
सिग्नल आभाळातून येतो.
दिवसातून चाळीसदा हसते.
तिचं स्वतःचं कार्ड वेगळं, कर्मचाऱ्यांचं,
नखानं खरवडायचं. दहा डॉलर, शंभर मिनिटं.

इकडे मानेवाड्यात माझ्या फोनवर
रोज दीड जीबी येते.
मी किती वापरणार? तापमान पाहतो, सेहेचाळीस,
जे अंगाला आधीच माहीत असतं.
बाकीची रात्री बाराला मरून जाते.
उरलेली पोळी गाईला तरी घालता येते.

पहिल्या फोनला तिच्या आईनं
‘ऐकू येऊन राहिलं का’ यात तीन मिनिटं घातली,
‘अहो कूलर बंद करा, पोरगी बोलून राहिली’ यात एक.
कूलर बंद झाल्यावर दोघी रडल्या.
ती मिनिटं मी मोजली नाहीत.

त्या रात्री विजेच्या बिलामागे यादी केली,
आमच्या तारेत असायची तशी:
दिवाळीला एक नंबर, लग्नाला दुसरा,
इकडून आकडा द्यायचा,
तिकडे अख्खं वाक्य उमटायचं.

१ जेवले.
२ झोप झाली.
३ जहाज फार हलतंय.
४ पाय दुखतात, पण ठीक.
९ कोणी बोललं होतं, आता राग गेला.
११ आईला सांगू नका.
अशी सतरापर्यंत.

फोटो पाठवला. उत्तर आलं,
‘बाबा तुम्ही पण ना’.
चार शब्द. दोन काढता आले असते.

पण वापरायला लागली.
रात्री अडीचला फोन थरथरायचा: १, २.
कधी १, ४.
एकदा नुसता ११,
आणि मी आईला सांगितलं नाही,
काय सांगायचं नाही ते मलाही ठाऊक नसताना.

मेच्या शेवटी आला २३.
यादी सतरावर संपते.
दोन आणि तीन जोडून लिहिलं असेल?
झोप झाली, जहाज फार हलतंय.
बसेना.
तारेत अक्षर चुकलं की आम्ही पलीकडे विचारायचो.
तेच लिहिलं: पुन्हा पाठव.
एक टिक.
चार दिवस एकच टिक.
पेन्शनच्या कामाला जाताना बस झिरो माइलवरून वळली,
कुठलाच समुद्र इथून जवळ नाही.

पाचव्या दिवशी बंदरावरून फोन,
कुठल्याशा कॅफेच्या पायरीवर, फुकटचं वायफाय,
मागे फिलिपाइन्सच्या पोरी आपापल्या घरांशी बोलत होत्या.
अर्धा तास. मावशीचा गुडघा, पगार,
तिकडच्या संत्र्यांना आपल्यासारखी चव नाही.
मी विचारलं, तेवीस?
ती थांबली.
फुकटातलं थांबणं, म्हणून लांब.
‘यादीत तसं काही नव्हतं ना बाबा,
म्हणून पुढचा कुठलातरी टाकला.’
एवढ्यात आईनं फोन ओढून घेतला,
भाजी कोणती असते गं तिथं.

रात्री बिल काढलं.
अठरा ते बावीस कोरे सोडले,
२३ लिहिला,
आणि पुढे कागद टोचत बसलो.
कूलरचं पाणी केव्हाच संपलं होतं,
पंप कोरडाच ओढत होता.