विषय क्रमांक सात

मी इतिवृत्त लिहिते, सव्वीस वर्षं.
ओटर पॉइंट नगर परिषद, महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी सात.
सदस्य पाच हजर. गैरहजर कोणी नाही. कॉफी पातळ.

विषय क्रमांक सहा, गटारांची झाकणं: मंजूर.
विषय क्रमांक सात: नगराच्या किनाऱ्यावर
कयाक, पॅडलबोर्ड, छत्र्या व खुर्च्या भाड्याने देणे
आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी टपरी उभारणे,
याबाबत विचार करणे.

'विचार करणे' मीच घातलं.
विचाराला निविदा काढावी लागत नाही.

डलूथहून कंपनीचा माणूस आलेला, बूट नवे.
भिंतीवरच्या चित्रात सुपीरियर सरोवर निळंशार,
पॅडलबोर्डवर एक बाई हसतेय, केस कोरडे.
आमच्या पाण्यात जूनमध्ये पडलेलं माणूस हसत नाही,
आधी त्याचा श्वास हरवतो, मग हात.
तासाला बावीस डॉलर. नगराचा वाटा अठरा टक्के.
व्हर्ना माकीनं कागदाच्या कडेला पेन्सिलीनं गुणाकार केला
आणि वर पाहिलं.
वाचनालयाचं छत तीन पावसाळी आठवडे बादलीत गळतंय.

नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं. मग लाल दिवा.

डेल्फीन कॅडॉट म्हणाली, जाड चाकांची खुर्ची ठेवाल का,
वाळूत न रुतणारी?
आई नऊ वर्षं गाडीतूनच बघते, काच खाली करून.
पाणी आणि ती, मध्ये साठ पावलं वाळू.
कंपनीचा माणूस म्हणाला, आहे ना. तीस डॉलर.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
मी लिहिलं: 'श्रीमती कॅडॉट यांनी खुर्चीबाबत विचारणा केली.'

मग टोइवो कारविनेन उठला.
तो काय बोलणार ते सगळ्यांना पाठ:
त्याची होडी कशी वाळूत पालथी असायची,
वल्ही तिच्याखाली, कुलूप नाही,
ज्याला हवी त्यानं न्यावी,
परतताना दारात एखादा मासा ठेवावा, नाहीतर नाही.
तो तेच बोलला. दोन मिनिटं.
सभागृह माना डोलवत होतं,
भाडं घेणं म्हणजे पापच असल्यासारखं.

मग म्हणाला, त्या वर्षीही होडी परत आली.
वाऱ्यानं आणली, रिकामी, माझ्या दारासमोर.

तो मुलगा वर्गात माझ्या पुढे बसायचा.
मानेवर तीळ.

फुकट होती म्हणून कुणी मला विचारलं नाही, टोइवो म्हणाला.
विचारलं असतं तर वारा बघून सांगितलं असतं.
घ्या भाडं. बावीस घ्या, चाळीस घ्या.
पण त्या टपरीत असं माणूस बसवा
जे आधी पाण्याकडे बघेल, मग गिऱ्हाइकाकडे,
आणि म्हणेल, 'आज नाही.'
त्याचा दर काय?

लाल दिवा लागला.
कंपनीच्या माणसानं कागद चाळले, पुढून मागे, मागून पुढे.

विषय तहकूब. सूचक माकी, अनुमोदक लिंडब्लूम.
मी दिवे घालवले, कॉफी सिंकमध्ये ओतली.
बाहेर वायव्येचा वारा,
झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

घरी टंकायला बसले तेव्हा ओळ आपसूक आली:
'श्री. कारविनेन यांनी सुरक्षिततेबाबत मत मांडले.'
सव्वीस वर्षं अशाच ओळी.
खोडली.
लिहिलं: 'आज नाही' म्हणणाऱ्याचा दर काय,
असे श्री. कारविनेन यांनी विचारले.
उत्तर मिळाले नाही.

पुढच्या महिन्यात, विषय क्रमांक एक:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचत सहसा कुणी नाही.
महापौरांचं बोट पानावरून घसरत आलं
आणि त्या ओळीवर थांबलं, दुसऱ्या हातात डोनट.
'दुरुस्ती आहे काही?'

व्हर्नानं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

कायम.