वरुडच्या अलीकडे

अजनीच्या शेडमागची खोली. कूलरमधलं पाणी संपलंय.
पडद्यावर कोळशाचे अठ्ठावन्न डबे
वर्ध्याकडे तोंड करून उभे,
आणि शेजारी तुळाराम नेवारे,
एकतीस वर्षं मालगाडी हाकून
आता माझ्या समीकरणांचे परीक्षक.

मी रेघ दाखवते: आधी पूर्ण ताकद,
मग एकच वेग धरून ठेवायचा,
वरुडच्या अलीकडे हात सोडायचा, नुसतं वाहू द्यायचं,
शेवटी ब्रेक.
"हे त आमीबी करत होतो जी," ते म्हणतात,
"पण याच्याहून कमी विजेत जाताच येत नाही,
हे कायच्यावरून?"

काय सांगू?
सगळ्यात चांगली वाट असलीच
तर तिला या अटी पाळाव्याच लागतात.
पण अटी पाळणारी प्रत्येक वाट
सगळ्यात चांगली असतेच असं नाही.
"म्हंजे तिकीट हाये, बर्थचं मालूम नाही."
हसतात. थर्मासच्या झाकणात
उरलेला चहा मला ओततात.

ते गेल्यावर खरं काम.
गाडीची अवस्था नागपूरहून पुढे चालते,
किंमत मात्र वर्ध्याहून उलटी येते:
सेवाग्राम, वरुड, सेलू रोड, तुळजापूर,
प्रत्येक मीटरला सांगत,
इथला वेग एवढ्याचा.
निघताना ती किती होती, कुणालाच ठाऊक नसतं.
अंदाजाने धरायची आणि गाडी सोडायची.
पहिल्यांदा वर्धा ओलांडून चार किलोमीटर.
अंदाज बदलला, तर सिंदीलाच थबकली.
सत्ताविसाव्या खेपेला
फलाटाच्या नऊ मीटर अलीकडे.
साडेनऊ वाजले.

पूर्वी आठ चुकवता यायचे नाहीत.
आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे असायचे,
धंतोलीचे सिग्नल मी सेकंदांत मोजायचे.
पोहोचायची वेळ मोकळी सोडली
की हॅमिल्टोनियन सगळ्या वाटेवर शून्य राहतो.
पुस्तकात ही एक ओळ आहे,
मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देते.
फेब्रुवारीपासून
वेळ मोकळी आहे.

अजनीच्या पुलावर चढ संपला
की मी स्कूटीचं इंजिन बंद करते.
उताराला ती आपली आपण वाहते.
मे महिन्याचा वारा, रात्रीसुद्धा तव्यावरचा.
पुलाखालून एक मालगाडी निघालेली,
तिचा चालक कुठे हात सोडेल
याचा अंदाज धरत मी खाली येते.
सिग्नल लाल.
ब्रेक लावावाच लागतो.