इतिवृत्त

ऐरोलीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
सकाळच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहितो. अकरा वर्षं.
रकाने ठरलेले: घटना, वेळ, दोषी, कारवाई.

घटना: रात्री पावणेतीन, खाट चौदा,
सलाइनऐवजी हाती आलेली पोटॅशियमची कुपी.
टोचली नाही. रेशल डिमेलोनं
दिव्याखाली धरून पुन्हा वाचली, एवढंच.
आणि सकाळी आपणहून सांगितलं.
(वेडीच आहे, बाकीच्या सिस्टर कुजबुजल्या.)

सगळे नावासाठी थांबलेले.
माझं पेनही.

खारकर मॅडम नव्या. त्यांनी विचारलं,
"दोन्ही कुप्या एका ट्रेमध्ये कशा?"
एसी गुरगुरत राहिला.
मग दाराशी कप गोळा करणारे भोईरमामा म्हणाले,
"वरचा खण अरकतो, मे महिन्यापासना.
तीन अर्ज दिलंत."

तिन्ही माझ्या फायलीत होते.

मॅडम उठल्या. आम्ही सात जण मागोमाग,
लिफ्टसाठी न थांबता, जिन्यानं.
खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर खोळंबलेले.
मॅडमनी खण ओढला. हलेना.
मामांनी खालून बुक्की मारली, सुटला.
"आणि पावणेतीनला, पेशंट झोपलेले असताना,
बुक्की कोण मारणार?"

दुपारी सुतार आला.
रेशलचा सत्कार वगैरे काही नाही;
तिची सलग पाचवी रात्रपाळी
मॅडमनी तक्त्यातून खोडली, पेन्सिलीनं.

संध्याकाळी 'दोषी' हा रकाना रिकामाच ठेवून
मी घरी निघालो होतो.
वाशीच्या बसला अजून वेळ होता.
परत वर गेलो, लिहिलं:
अर्ज तीन. पोच माझ्या सहीची.